साहित्य मंडळाचे कार्यवाह

डोंबिवलीतल्या साहित्य मंडळाच्या कार्यक्रमाला कधी गेलात, तर आजचे वक्ते कोण हे तुम्हाला लगेच कळेलच असं नाही, कारण बॅनरचा नावाकडचा कोपरा नेमका दुमडलेला असतो. कार्यवाह मात्र चटकन ओळखू येतात. सगळं सभागृह व्यासपीठाकडे बघत असताना जो एकटाच माणूस दाराकडे बघतोय, तेच ते. खिशात माइकचे जादा सेल, काखेत पावतीपुस्तक आणि वऱ्हाड घाटात अडकल्याची बातमी आलेल्या मुलीच्या बापाचा चेहरा.

कार्यवाह वाचतात का, हे विचारू नये. वाचणाऱ्यांची सोय करण्यातच त्यांची हयात गेली. पण म्हणून साहित्याबद्दल त्यांना मत नाही असं कुणी समजू नये. मत आहे आणि ते ठाम आहे. फक्त त्यांचे निकष विद्यापीठात शिकवत नाहीत. एका नामवंत कथाकाराचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, “फार मोठा माणूस हो. रिक्षाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.” एका समीक्षकाबद्दल म्हणाले, “अभ्यास आहे, नाही असं नाही. पण बिनसाखरेचा चहा लागतो आणि ते आधी सांगत नाहीत.” एक कवयित्री पहिल्याच रिंगला फोन उचलतात. त्यांची कविता कार्यवाहांच्या मते फार वरच्या दर्जाची आहे.

वाङ्मयाचा इतिहास त्यांना तारखांसकट पाठ आहे, कारण तारखा नसतील तर कार्यक्रम कसे होणार? लेखक जन्मला, यापेक्षा कधी जन्मला याला त्यांच्या लेखी महत्त्व. त्या हिशेबाने १९१९ हे मराठीतलं अत्यंत बेशिस्त वर्ष. गदिमा, सुधीर फडके आणि पु. ल. देशपांडे असे तिघेही त्याच साली जन्मले आणि शंभर वर्षांनी मंडळाच्या शिलकीवर एकदम येऊन आदळले. “विंदा करंदीकर बघा,” कार्यवाह म्हणाले, “आदल्या वर्षी येऊन मोकळे झाले. इतरांनाही जमलं असतं.” अण्णा भाऊ साठे यांची शताब्दी नेमकी ऑगस्ट २०२०मध्ये आली. टाळेबंदीत ती मोबाइलवर साजरी झाली. व्याख्यानात सर्वांत स्पष्ट ऐकू आलं ते ‘सर, म्यूट काढा’ आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या. शांता शेळके आणि वसंत बापट दोघंही १९२२चे. तिथे मात्र कार्यवाह तयारीत होते. तसबिरी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकच लांब हार दोघांना मिळून घातला.

सध्या त्यांचा डोळा व्यंकटेश माडगूळकरांच्या १९२७वर आहे. ‘माणदेशी माणसं’वर बोलायला माणदेशातलाच माणूस बरा दिसेल, हे त्यांना पटतं. पण आटपाडीहून डोंबिवलीला जाऊन-येऊन भाडं किती, याचा शोध घेतल्यापासून त्यांना ठाण्यातलाच एक अभ्यासू तरुण जास्त ‘मातीतला’ वाटू लागला आहे.

२०१७मध्ये नव्वदावं अखिल भारतीय संमेलन डोंबिवलीलाच झालं. ते दिवस म्हणजे त्यांच्या आयुष्यातला कळस. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. त्यांच्या भाषणाबद्दल विचारलं, तर कार्यवाह जेवणाच्या कुपनांची हकीकत सांगतात, आणि ती खरोखर ऐकण्यासारखी आहे. त्या काळात त्यांनी संमेलनांचा पूर्वेतिहासही खोदून काढला होता. पहिलं १८७८चं, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखालचं. मग १८८५चं. या दुसऱ्या सभेला येणं जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि तसं पत्र धाडलं. त्या पत्रातला जाळ अजून विझलेला नाही. शतक उलटून गेलं तरी अभ्यासक त्यावर लिहितात. कार्यवाहांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून म्हणाले, “पण कळवलं हो त्यांनी! आजकाल येणार नसतील तर लोक साधा मेसेजसुद्धा टाकत नाहीत.”

कविसंमेलनात त्यांची बुद्धी विशेष तळपते. आपली कविता झाली की कवीला अचानक बदलापूर लोकल आठवते, हा जुना अनुभव. त्यावर पूर्वीच्या कार्यवाहांनी विनंत्या केल्या, नियम केले. यांनी प्रशस्तिपत्रं अडवून ठेवली. नाव खाडाखोड न करता लिहिलेलं, लॅमिनेशन केलेलं प्रशस्तिपत्र शेवटच्या कवीनंतरच मिळतं. चहाही त्यानंतरच. तेव्हापासून शेवटच्या कवीला पूर्ण सभागृह मिळतं, आणि इतकं उतावीळ सभागृह दुसऱ्या कुणालाच मिळत नाही.

हसायला हे सगळं सोपं आहे. मंडळाचे अध्यक्ष बदलतात, शाल घेतात, फोटोत मधोमध उभे राहतात. सभागृहाचं भाडं वेळेवर जातं ते कार्यवाहांमुळे. वर्षाअखेरीस हिशेबात थोडी तूट असते आणि ‘एक साहित्यप्रेमी’ या नावाने फाडलेल्या पावतीने ती दरवेळी बरोब्बर भरून निघते. तो साहित्यप्रेमी पेन्शनीच्या तारखेनंतरच उगवतो, एवढं मी पाहून ठेवलं आहे. विषय काढला तर ते मला माइकची वायर धरायला देतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुस्तकचर्चा असते. तिथली मंडळी ठरलेली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका ‘प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे’ म्हणून उठतात आणि खाली बसतात तेव्हा बाहेर अंधार पडलेला असतो. एक प्राध्यापक प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू करतात आणि मुळाशीच राहतात. दोन वहिनी भजीच्या खमंगपणाबद्दल हलक्या आवाजात बोलतात, आणि खरं सांगायचं तर तीच चर्चा मुद्द्याला धरून असते. शेवटच्या रांगेत एक कॉलेजची मुलगी बसते. ती पुस्तक वाचून येते. तिच्यापर्यंत माइकची वायर पुरत नाही.

गेल्या खेपेला विषय होता ‘कोसला’. वक्ते दादरहून येणार होते. कार्यवाह एरवी चर्चेची तारीख पंचांगापेक्षा मेगाब्लॉक बघून ठरवतात, पण या वेळी माटुंगा-मुलुंडचं काम ऐनवेळी जाहीर झालं. साडेपाचची वेळ. सहा झाले. वक्ते विक्रोळीला. सव्वासहाला वक्ते तरीही विक्रोळीलाच. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, गेल्या महिन्याचं इतिवृत्त झालं. दिवा वाऱ्याने विझला, तो पुन्हा लावला, त्यात पाच मिनिटं गेली म्हणून कार्यवाहांना जरा बरं वाटलं.

शेवटी त्यांनी माइक हातात घेऊन विचारलं, “पुस्तक वाचलेलं कुणी आहे का आपल्यात?”

सभागृहातल्या यच्चयावत रसिकांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. पण तेवढ्यात दाराशी पावलं वाजल्याचा भास झाला म्हणून कार्यवाह तिकडे धावले आणि उघडा पडलेला माइक निरीक्षणवाल्या काकांनी सहज उचलला. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या होस्टेलात राहतो, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. तेवढ्यावर ते त्यांच्या स्वतःच्या होस्टेलकडे वळले, तिथून मेसकडे, मेसमधल्या आमटीकडे. आमटीत वीस मिनिटं गेली. मग वहिनींनी डाळीचं प्रमाण विचारलं आणि कार्यवाहांनी माइक काढून घेतला.

आता काय? त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर्तमानपत्रांना रात्री आठच्या आत बातमी द्यावी लागते, म्हणून कार्यक्रमाचा वृत्तान्त ते सकाळीच लिहून ठेवतात. तोच त्यांनी धीरगंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली. वक्त्यांनी आपल्या ओघवत्या शैलीत कादंबरीचे अनेक पदर उलगडले. १९६३ साली आलेली ही कादंबरी आजही तितकीच ताजी आहे, असं प्रतिपादन त्यांनी केलं. त्यानंतर झालेल्या चर्चेत रसिकांनी उत्स्फूर्तपणे भाग घेतला. सभागृह खचाखच भरलं होतं.

हे शेवटचं वाक्य ऐकून आम्ही सतरा जण जरा सरसावून बसलो. कागद संपला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कागदावर पुढे तेही लिहिलेलं होतं.

कार्यवाह आभाराला उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत पोचले, तोच दार उघडलं. वक्ते. घामाघूम, चष्म्यावर वाफ, बगलेत खुणेच्या चिठ्ठ्यांनी फुगलेला ‘कोसला’. त्यांनी दारातूनच दबक्या आवाजात विचारलं, “फार उशीर नाही ना झाला? कुठवर आलंय?”

“आभारांपर्यंत आलोय, सर,” कार्यवाह म्हणाले. “या, या, बसा. छान बोललात तुम्ही.”