बोर्डाच्या वर्षातले पालक : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (भिलाई आवृत्ती)

भिलाईच्या ज्या मराठी घरात यंदा पहिल्यांदाच दहावी किंवा बारावी आली आहे, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका. दुसऱ्या अपत्याच्या वेळी हिची गरज पडत नाही. तोवर पालक शहाणे तरी झालेले असतात किंवा थकलेले तरी, आणि मुलाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

आधी नातेवाइकांचा बंदोबस्त. नागपूर गाडीनं काही तासांवर असल्यामुळे मामा 'सहज' येऊ शकतो. आला की म्हणेल, "आता काय बाबा, तुमच्या गावातच आयआयटी आलीय!" जणू प्रवेश रेशनकार्डावरचा पत्ता बघून देतात. मामाला सांगा, आयआयटी भिलाई 2016 साली सुरू झाली तीच मुळी रायपूरच्या उसन्या जागेत; कुटेलाभाटाला स्वतःच्या घरी यायला तिला बरीच वर्षं लागली. संस्थेला दिली तेवढी सवलत भाच्यालाही द्यावी.

वेळापत्रक वडील करतात. प्लांटमध्ये शिफ्ट केलेल्या माणसाला दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन तुकडे पाडल्याशिवाय चैन पडत नाही. फर्स्ट शिफ्ट फिजिक्स, सेकंड केमिस्ट्री, नाइट गणित. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून या गावाला रात्री थांबायची सवय नाही, हे मान्य. पण भट्टीला सकाळी उठून ऑरगॅनिक केमिस्ट्री आठवायची नसते. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं; तेव्हा नाइट शिफ्ट खोडा.

आता खरेदी. सिव्हिक सेंटरला जाऊन चार रंगांचे हायलायटर आणा. एनसीईआरटीचं पान पिवळं-गुलाबी-हिरवं झालं की अभ्यास झाला असं मुलाला वाटतं, आणि पैसे गेले म्हणून तुम्हालाही. 2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती संशोधनाच्या कसोटीवर लावून पाहिल्या. पान रंगवणं आणि तेच ते पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. वरचा क्रमांक मिळाला तो स्वतःची परीक्षा घेण्याला आणि अभ्यास दिवसादिवसांत पसरून करण्याला. हायलायटर धाकटीला चित्रकलेसाठी द्या.

उजळणी अशी घ्यावी. पुस्तक तुमच्या हातात, मिटलेलं. प्रश्न विचारा आणि गप्प बसा. नवशिक्यांचा सगळा घोटाळा इथेच होतो. मूल छताकडे बघतं, पेन चावतं, आणि आईच्या तोंडून उत्तराचं पहिलं अक्षर सुटतं. सोडू नका. ती धडपड हाच अभ्यास. तुम्ही उत्तर पुरवलंत तर उजळणी तुमची होते, आणि हॉल तिकीट तुमच्या नावाचं नाही. तोच प्रश्न उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं. एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं पाठ करून 1885 साली स्वतःवरच दाखवून दिलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. काल येणारं आज येत नसेल तर आरडाओरडा न करता पुन्हा विचारा.

घरात आजी असेल तर तुम्ही भाग्यवान. तिला विज्ञान येत नाही, हीच तिची पात्रता. मुलानं धडा इंग्रजीत वाचलेला असतो, कोचिंगच्या सरांनी हिंदीत समजावलेला असतो. आता तो आजीला मराठीत सांगायचा.

"आजी, मोल म्हणजे ना, डझनासारखं. डझनात बारा, तसे मोलमध्ये सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात."

"कशाचे?"

"अणूंचे. किंवा रेणूंचे. कशाचेही."

"मग डझनच का नाही वापरत?"

"अगं, अणू इतके छोटे असतात की डझनभर दिसणारही नाहीत."

"आणि एवढे सगळे मोजले कुणी?"

इथे नातू आपण होऊन पुस्तक उघडतो. तीन हजारांच्या टेस्ट सिरीजला जे साधत नाही, ते आजी निवडायच्या मेथीवर करते. भिलाईतल्या पोरांची मराठी अशीच थोडी सुधारते, तो वरचा फायदा.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. तुमचाही. रविवारी मैत्रीबागेत एक चक्कर, तिथे पांढरा वाघ बघावा आणि त्याच्या एकाग्रतेवर भाष्य करू नये. संक्रांतीचं हळदी-कुंकू हवं तर करा, पण आल्यागेल्या प्रत्येक बाईसमोर मुलाला उभं करून प्री-बोर्डाचे मार्क वदवून घेऊ नका.

पेपरच्या दिवशी त्याला केंद्रावर वेळेत सोडा. बाहेर आल्यावर प्रश्नपत्रिका हिसकावून उत्तरं ताडत बसू नका. ते काम करायला बोर्डानं परीक्षक नेमले आहेत, आणि तुमचं नाव त्या यादीत नाही. त्याला जेवायला वाढा. पुढचा पेपर परवा आहे.