रांबुटानचे रायर

पट्टीश्वरम् कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. कावेरीच्या गाळाची जमीन, काठी खोचली तरी पालवी फुटेल अशी. भात, केळी, नारळ सगळ्यांकडे. म्हणूनच रायरांच्या परसात यांतलं काहीच नाही. जे सगळ्यांकडे येतं ते आपल्याकडे कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर मुलखात आलेली मराठी घराणी १८५५ साली राज्य खालसा झालं तरी तिथेच राहिली. अशाच एका घरातले हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. शेजारपाजारचे लोक त्यांना रायर म्हणतात, त्यांच्या पत्नीला मामी. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि परसात लॅटिन, अशी रायरांची भाषावार प्रांतरचना आहे. आंब्याबद्दल बोलणाऱ्याला ते बसायला खुर्ची देतात. ॲबियूसारख्या परदेशी फळाबद्दल विचारणाऱ्याला कॉफीसुद्धा.

अशी माणसं ठाण्याच्या गच्चीवर, रत्नागिरीच्या आगरात आणि म्हापशाच्या अंगणातही भेटतात. ओळखायची खूण सोपी. झाडं भरपूर, फळ जवळजवळ नाही, आणि मालकाच्या चेहऱ्यावर मात्र ऐन हंगामाचा आनंद.

रायरांकडे मँगोस्टीन आहे, जाबुटिकाबा आहे, सँटोल आहे. यांतली बहुतेक फळं त्यांनी अजून चाखलेली नाहीत. मँगोस्टीन खाल्लंय ते कल्लारला. निलगिरीच्या पायथ्याशी, डोंगरगाडी जिथून दातेरी रुळावर चढायला लागते, तिथे जुनी सरकारी फळबाग आहे. मँगोस्टीन, रांबुटान, ड्युरियन ही परदेशी मंडळी तिथे कधीच मुरली आहेत. रायर तिथे वारीच्या निष्ठेने जातात आणि येताना एखादं रोप मांडीवर घेऊन येतात.

पण कल्लारच्या दमट सावलीत सुखाने नांदणारं झाड पट्टीश्वरम्‌च्या मे महिन्यात होरपळतं. मँगोस्टीनच्या रोपाला पहिली काही वर्षं ऊन सोसत नाही, आणि बियांपासून वाढवलं तर फळाला सात-आठ वर्षं सहज लागतात, पुष्कळदा जास्तच. रायरांनी हिरवी शेडनेट बांधली. कुणी हसलं की ते देवळाकडे बोट दाखवतात. गावातल्या धेनुपुरीश्वराची कथाच अशी आहे: ज्ञानसंबंधर हा बालसंत रणरणत्या उन्हात दर्शनाला निघाला, तेव्हा शंकराने त्याच्या डोक्यावर मोत्यांचा मांडव धरायला भूतगण धाडले. आनी या तमिळ महिन्यात त्या मांडवाचा उत्सव होतो. “आमच्या गावात शेडनेट सातव्या शतकापासून आहे,” रायर म्हणतात.

मिरॅकल फ्रूटचं लाड-प्रकरण वेगळं. पश्चिम आफ्रिकेचं हे झुडूप, त्याला आम्लधर्मी माती लागते. परसातली माती त्याला चालत नाही आणि बोअरचं पाणी तर नाहीच. म्हणून ते कुंडीत, कोकोपीटमध्ये. आणि ऐप्पसी महिन्याचा पाऊस पिंपांत भरून खास त्याच्यासाठी राखलेला. मामींना केस धुवायला त्यातलं पाणी हवं असेल तर अर्ज करावा लागतो.

या झुडपाने मात्र इमान राखलं. करंगळीच्या पेराएवढी लालभडक फळं धरली. त्यांत मिरॅक्युलिन नावाचं प्रथिन असतं. ते जिभेवर बसलं की अर्धा-पाऊण तास आंबट ते सगळं गोड लागतं. रायरांनी जेवायला आलेल्या नातेवाइकांना एकेक फळ चघळायला दिलं आणि प्रयोगासाठी लिंबं चिरायला घेतली. तेवढ्यात आतून पानं वाढल्याची हाक आली. चिंचेच्या रसमचा पहिला घोट घेऊन मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एका भावजींनी धीर करून विचारलं, “वहिनी, गूळ जरा सढळ हाताने पडला का?” मामींनी स्वतः रसम चाखलं, मग ताटाशेजारच्या चघळलेल्या बिया पाहिल्या, मग नवऱ्याला. तेव्हापासून जेवणाच्या वेळी ती कुंडी परसातून पुढे येत नाही.

खरी परीक्षा पाहिली ती रांबुटानने. त्याचं बी वाळलं की मेलं. रायरांनी केरळातून आणलेलं फळ खाल्लं आणि बी त्याच संध्याकाळी पेरलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातले माड आडवे केले, त्या रात्री हे रोप स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरशेजारी सुखरूप होतं. पुढे ते जमिनीत गेलं, डोक्याच्या वर गेलं आणि एकदाचं फुललं. रायर भिंग घेऊन स्टुलावर चढले. बराच वेळ खाली उतरले नाहीत.

झाड नर निघालं होतं.

बियांपासून वाढवलेल्या रांबुटानांत जवळपास निम्मी झाडं नर असू शकतात, म्हणून रोपवाटिका डोळा भरलेली कलमं विकतात, हे रायर येईल त्याला सांगत आलेले. फक्त तो नियम दुसऱ्यांच्या झाडांना आहे अशी त्यांची समजूत होती. रत्नागिरीचे मेहुणे फोनवर म्हणाले, “आमच्याकडे कोकमाचं तेच. वर्षानुवर्षं शेणखत घाला, आणि शेवटी नर. म्हणून तर दापोलीच्या विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृताची कलमं लावतात लोक.” कोकम आणि मँगोस्टीन एकाच कुळातले, या माहितीवर रायरांनी त्यांना वीस मिनिटं फोनवर धरून ठेवलं. मामी झाडाखाली उभ्या राहून इतकंच म्हणाल्या, “खातो, पितो, सावलीत उभा राहतो, देत काही नाही. मला ओळखीचा वाटला.”

रायर खचले नाहीत. नर झाडावर फळणाऱ्या झाडाचा डोळा भरता येतो; ते काम आता पावसाळ्यावर टाकलं आहे. तोवर ड्युरियनचा ध्यास. सिंगापूरच्या भाच्याने सांगितलं होतं की तिथे वासामुळे ड्युरियन एमआरटी रेल्वेत न्यायला बंदी आहे. तेव्हापासून ते झाड परसात असणं अगत्याचं झालं. बियाणं, रोपं परदेशातून आणायची तर वनस्पती-आयातीच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि तपासणी लागते. भाचा कायद्याला भिणारा, त्यामुळे तो फक्त फोटो आणतो. कलमं इथल्याच रोपवाटिकेतून मागवली. दोन, कारण बऱ्याच ड्युरियनना स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. आणि वाढली तर दोन्ही झाडं घराच्या कौलांना सहज मागे टाकणार.

पहिल्याची जागा ठरली, मामींची स्कूटर उभी राहते ती. मामींनी हरकत घेतली. रायरांनी पुन्हा देऊळ काढलं: संबंधर येताना नीट दिसावा म्हणून शंकराने प्रत्यक्ष नंदीला बाजूला व्हायला सांगितलं, अजूनही इथले नंदी मधल्या रेषेत नाहीत. “नंदी सरकला, स्कूटर सरकायला काय होतंय?” स्कूटर सरकली. दुसऱ्या कलमासाठी त्यांनी धुण्याच्या दगडाकडे पाहिलं, तेव्हा मामींनी विचारलं की दगड सरकल्याची कथा कुठल्या पुराणात आहे. रायर सध्या ती शोधत आहेत.