अडीचशे सीसी

तुमच्या पार्किंगमध्येही असेलच एखादा. रविवारी सकाळी लोक मिसळ खायला निघालेले असतात आणि हा बर्म्युडा घालून जुन्या वर्तमानपत्रांवर उकिडवा बसलेला असतो. समोर गाडी नसतेच, गाडीचे अवयव असतात. आपण नजर चुकवून सटकणार, तेवढ्यात हाक येते, ‘‘जरा हा पाना धर रे.’’ ‘जरा’ म्हणजे दुपारच्या जेवणाचं बघायला नको.

आमच्या इथल्याला सोसायटीने ‘रोडकिंग’ म्हणायला सुरुवात केली, कारण त्याच्या येझदीचं मॉडेल ते. या राजाने रोड कित्येक महिने पाहिला नाही, ही गोष्ट वेगळी. मॉडेल १९७८ सालचं, कारखाना म्हैसूरचा, आयडियल जावा कंपनीचा. १९९६ साली तो बंद पडला. हे शेवटचं साल तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याने ‘काय झालं होतं हो त्यांना?’ असंच विचारावं.

गाडी त्याला सापडली शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, जिन्याखाली. वर दोन सायकली, पाण्याचं पिंप आणि मोडका आकाशकंदील. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरीण बाळंत झालेली, पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेला. शहाणा माणूस नाकाला रुमाल लावून बाहेर पडला असता. याने मागची नंबरप्लेट पुसली, एमएच येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर वाचला आणि जागेवर विरघळला. मालकीणबाई समोरच उभ्या होत्या. गिऱ्हाईक विरघळलेलं दिसल्यावर शनिवार पेठेत भाव कमी होतो होय? काकूंनी एक रुपया सोडला नाही.

घरी सांगितलं, ‘‘मित्राची आहे, ठेवायला दिलीय.’’

इथून अडीचशे सुरू झाले. सीट नवी करून आणली. वहिनींनी विचारलं, कितीला पडली? ‘‘अडीचशे.’’ टायर-ट्यूबची जोडी? ‘‘अडीचशे. ओळखीचा आहे.’’ पिस्टन सुटावा म्हणून प्लगच्या भोकातून डिझेल ओतून गाडी आठवडाभर मुरत ठेवली. तरी शेवटी सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागलाच. अडीचशे. क्रँक उघडून नवा कनेक्टिंग रॉड बसवला. त्याचेही अडीचशे. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दोन्ही क्रोम करून आले तेव्हा मला वाटलं, आता तरी आकडा पाचशेवर जाईल. पण नाही. ‘‘जोडीचे अडीचशे.’’

मी एकदा एकट्यात गाठून विचारलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. ‘‘इंजिन किती सीसीचं आहे? अडीचशे. मग मी खोटं काय बोललो?’’

वहिनी बँकेत आहेत. खात्यातून काय जातं ते त्यांना याच्याआधी कळतं. त्यांनी आपल्यापुरता हिशेब बसवलाय: नवरा सांगेल त्या आकड्याला दहाने गुणायचं आणि बोलायचं काही नाही. संसार टिकतो तो अशा गणितांवर, पत्रिकेतल्या गुणांवर नव्हे, असं माझं मत होत चाललंय.

बाकी याचा उपद्रव म्हणाल तर बेसुमार. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, त्या दिवशी याला ताप आला तरी तो उतरतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हा काउंटरबाहेरून कपाटातला कप्पा दाखवतो, ‘‘तिथे नाही, वरच्या डब्यात बघा.’’ पाहुणे आले की किकची परीक्षा. येझदीची किक डावीकडे असते आणि गाडी सुरू झाली की तोच दांडा दाबून फिरवला की गियरचा होतो. पाहुणा बिचारा उजवीकडे पाय मारतो, तो हवेत जातो. हा प्रत्येक वेळी तितकाच खूश.

आणि करंट बघण्याचा सोहळा! पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कार्डाच्या कोपऱ्याने पुसायचे, प्लग काढून हेडला टेकवायचा आणि ओरडायचं, ‘‘लाइट घालवा!’’ अख्खं पार्किंग अंधारात. सेक्रेटरी गाडी रिव्हर्स घेत असले तरी हरकत नाही. मग किक. प्लगच्या टोकाला टिचभर ठिणगी. ‘‘निळी! बघितलीस? पिवळी नाही, निळी!’’ सोसायटीतली सगळी पोरं या एका क्षणासाठी गृहपाठ टाकून खाली येतात. त्यांच्यातली एक चौथीतली मुलगी आता ठिणगीचा रंग बघून कंडेन्सर गेलाय का ते सांगते. इतक्या वर्षांत आमच्या सोसायटीत मुलांसाठी कुणी काही केलं असेल, तर ते नकळत यानेच, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय.

आणखी एक. आरसी बुक काकूंच्या गेलेल्या यजमानांच्या नावावर. आधी फॉर्म ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० भरून याच्या. काकूंना गुडघ्यांनी जिना उतरवत नाही. दर खेपेला रिक्षा, खुर्ची, पाण्याची बाटली, सगळं याने केलं. आरटीओतल्या बाकावर बसून काकू विचारायच्या, आज काय बसवलंस? हा मोबाइलवर फोटो दाखवायचा. भावात एक रुपया न सोडलेल्या बाईला हा कार्बोरेटरचे फोटो दाखवत होता.

गाडी चालू झाली तेव्हा पहिली चक्कर त्याने वाड्याकडे मारली. मागे मी, पाना धरण्याची शिक्षा अशी लांबत जाते. खिडकीखाली त्याने रेस दिली. धूर असा निघाला की समोरच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरी ओढून घेतल्या. काकू खिडकीत आल्या. थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मग म्हणाल्या, ‘‘गरम झाल्यावरही पांढराच येतोय का रे?’’

‘‘हो, जरा येतोय.’’

‘‘मग डावीकडचं क्रँकचं सील गेलंय. गियरचं ऑइल ओढतेय. हे दर दोन वर्षांनी तेच उघडून बसायचे, इथे, माझ्या तुळशीशेजारी.’’

रोडकिंगचं तोंड उघडंच राहिलं. खरं तर त्याला ते आधीच कळलं असणार. कळूनही तो आठवडाभर ‘नवं ऑइल आहे, जळतंय’ असं सांगत होता.

‘‘खर्च किती आला एकूण?’’ काकूंनी विचारलं.

याने माझ्याकडे पाहिलं, जिभेवर आलेलं सवयीने बाहेर पडलं. ‘‘अडीचशे.’’

काकू मोठ्याने हसल्या. ‘‘हे पंच्याऐंशी सांगायचे. तेव्हा स्वस्ताई होती.’’

मग आत जाऊन त्यांनी एक बिस्किटाचा डबा आणला आणि दोरी बांधून खिडकीतून खाली सोडला. आत चिंधीत गुंडाळलेला, तेल लावून ठेवलेला पुलर. क्रँकवरचं स्प्रॉकेट ओढून काढल्याशिवाय त्या सीलपर्यंत हात पोचत नाही आणि हा पुलर रोडकिंग दरवेळी गॅरेजवाल्याकडून उसना आणायचा. त्याने तो हातात घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि वर बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला.

‘‘डबा परत कर,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आणि पुलरचे अडीचशे त्यातच ठेव.’’

त्या रात्री त्याने घरी पहिल्यांदा खरी किंमत सांगितली. वहिनींनी शिरस्त्याप्रमाणे दहाने गुणलं आणि एका पुलरला अडीच हजार घातले म्हणून इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंड उघडलं. माझ्या बाल्कनीपर्यंत ऐकू येत होतं.