सर बॅचवर आहेत

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या एका कोचिंग क्लासचे संचालक इंदूरला कसलीशी कार्यशाळा करून आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे पालकाला पालक म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं आणि क्लायंटशी संवाद सुधारायचा. लगेच रिसेप्शनवर नवा सोफा आला आणि ‘पालक संवाद’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला, पालकांनी अंगठा तेवढा दाखवायचा. कागद न वाचता अंगठा उठवण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यामुळे अडचण कुणालाच आली नाही.

आधी संवाद नव्हता, असं कुणी म्हणू नये. प्रवेशाच्या आधी तर तो उतू जातो. दहावीचा निकाल लागायच्या आतच फोन सुरू होतात. “नमस्कार सर, मुलाचं काय ठरवलंय? डेमो लेक्चरला या ना, फ्री आहे.” पॉवरलूमवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘सर’ म्हटलं, की तो आधी मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून. खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून बाहेर येतो, तोवर आत धागा तुटलेला असतो. सकाळी मॅडम, दुपारी काउन्सेलर, संध्याकाळी खुद्द सर. एकदा का पहिला हप्ता भरला आणि पावती फाडली, की दुसऱ्या दिवसापासून त्याच नंबरवर एकच उत्तर मिळतं: “सर बॅचवर आहेत.”

यात सरांना दोष देऊ नका, ही गावाची परंपराच आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगिराच्या दरबाराकडे निघाला असताना इथे थांबला. शहजादा परवेझ तेव्हा बुऱ्हाणपुरात होता आणि रोला इथे इंग्रजांची वखार हवी होती. भेटीला गेला, तर आधी सांगण्यात आलं की जमिनीला डोकं टेकव. त्यानं नकार दिला. उभं राहून कंटाळला तेव्हा बसायला खुर्ची मागितली. उत्तर आलं की इथे कुणी बसत नाही, फार तर त्या खांबाला टेका. शहजादा तसा गोड बोलला, वखारीला हो म्हणाला आणि बाकीचं आत निवांत बोलू, असंही म्हणाला. पण रोनं नजराण्यात बाटल्यांची एक पेटी देऊन ठेवली होती. शहजादा आत गेला, पेटी उघडली आणि निवांत बोलणं राहिलं ते राहिलंच. हे सगळं रोनं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. नजराणा आधी पोचला की भेट बुडते, एवढं त्याला एका दिवसात कळलं. आम्ही मात्र आजही वर्षाची फी एकरकमी भरतो, कारण पाच टक्के सूट असते. आमचे सर निर्व्यसनी आहेत, हा फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा.

पालक मीटिंगही होते. वेळ सकाळी अकराची, म्हणजे नेमकी केळीचा लिलाव चालू असतानाची. एक शेतकरी गाडी तशीच सोडून येतो. पडद्यावर रंगीत आलेख असतात. त्याचा प्रश्न एकच: “सर, पोराले समजते का?” त्यावर सर सांगतात, “त्याची कन्सिस्टन्सी इम्प्रूव्ह होतेय.” शेतकरी मान हलवतो आणि भाव पडायच्या आत निघतो. पोरगा तापानं घरी झोपलेला असला, की त्याच्याच उशाशी ठेवलेल्या बापाच्या मोबाइलवर इंग्रजी मेसेज येतो, की आपला पाल्य आज गैरहजर आहे. सगळे मेसेज इंग्रजीत. हप्त्याची आठवण तेवढी सोप्या हिंदीत, रकमेसकट, म्हणजे गैरसमजाला जागा नको. याच गावात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आदिलशाह फारुकीनं जामा मशीद बांधली, तेव्हा अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरवला होता. त्यासाठी त्याला इंदूरला जावं लागलं नाही.

कार्यशाळेत एक कागद वाटायचा राहून गेला असावा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, असं त्यात आहे. आमच्याकडे फाउंडेशन बॅच सहावीपासून सुरू होते. सहावीत शिकणारा सोळा वर्षांचा मुलगा शोधायलाच सर बाहेर पडले असतील, म्हणून जागेवर सापडत नसावेत. पूर्ण फी भरून मुलानं मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हेही त्यात आहे. हे वाक्य ‘पालक संवाद’ ग्रुपवर कधी आलं असेल, तर कृपया मला अंगठा दाखवा.

होर्डिंग हाही संवादच. चौकातल्या तीन होर्डिंगांवर एकच मुलगी हसते आहे. एका क्लासात ती वर्षभर शिकली, दुसरीकडे टेस्ट सिरीज दिली आणि तिसरीकडे बहुधा पत्ता विचारायला गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं यावरही नियम आणले. यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती हवी, त्यानं नेमका कोणता कोर्स केला ते सांगायला हवं आणि खुलासा मोठ्या दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला हवा. आमच्या होर्डिंगवरचा खुलासा वाचायला शिडी लागते.

तेव्हा क्लायंटहो, यंदा सोफ्यावर टेकण्याआधी शिकवणाऱ्यांचं शिक्षण किती, एकूण फी किती आणि मध्येच सोडल्यास परत किती, हे लेखी मागा आणि खाली सही घ्या. मॅडम सांगतील, सर बॅचवर आहेत. बॅच सुटेपर्यंत थांबा. तरीही कुणी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.