चौथे चाक करखात्याचे

ब्रिटनच्या स्वस्त तीनचाकी मोटारीचा आराखडा अभियंत्यांनी आखला असे मानणे हा अभियंत्यांवर अन्याय आहे. तिचे चौथे चाक काढले ते करखात्याने. महायुद्धानंतरच्या नियमांनुसार ८ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलोंच्या आतली तीनचाकी गाडी मोटारीपेक्षा कमी करात सुटे आणि मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येई. मग काय, १९४९च्या बाँड मिनीकारने रिव्हर्स गिअरलाही रजा दिली आणि टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने फायबरग्लासचे अंग चढवून वजन आवरले. कायद्याचा इतका मनोभावे अभ्यास वकिलांनीही क्वचितच केला असेल.

कोणी म्हणेल, वळणावर कलंडणाऱ्या गाडीचे कौतुक कशाला? पुढे एकच चाक असल्याने भरवेगात वळताना तोल जाण्याची भीती होती, हे खरेच. पण टीव्हीवर रिलायंट रॉबिनच्या कोलांट्या दाखवून प्रेक्षकांना हसवणाऱ्या जेरेमी क्लार्कसन यांनीच नंतर कबूल केले, की त्या गाडीच्या डिफरन्शिअलमध्ये मुद्दाम फेरफार केला होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: १९५९ साली चार चाकांची स्वस्त मिनी आल्यावर हा खटाटोप कशासाठी? कारण मिनीला मोटारीचा परवाना लागे आणि करही पुरा भरावा लागे. हाती मोटरसायकलचा परवाना आणि घरी बायकामुले असलेल्या कामगाराला डोक्यावर छप्पर हवे होते, प्रतिष्ठा नव्हे. म्हणूनच मिनीनंतर १४ वर्षांनी, १९७३ साली रॉबिन अवतरली आणि खपलीही. तेव्हा हसायचेच असेल, तर गाडीला सोडून चौथ्या चाकाला चैन ठरवणाऱ्या कायद्याला हसावे.