थिनक्रस्टवाले

थिनक्रस्टवाले ओळखावेत ते त्यांच्या फ्रिजवरून. मधल्या कप्प्यात, जिथे इडलीचं पीठ आणि कालची आमटी सुखाने नांदत होती, तिथे आता पाच गोल डबे मांडी घालून बसलेले असतात. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख, वेळ आणि वजन: 195 ग्रॅम. आमटी दाराच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्यांना टेकून कशीबशी उभी. ‘शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत या डब्यांना कुणीही हात लावू नये’ असा फतवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुरुवारीच निघालेला असतो. त्याला उत्तर फक्त मुलीचं. तिने अंगठा दाखवलेला असतो. कुठल्या अर्थाने, ते थिनक्रस्टवाले विचारत नाहीत.

हा माणूस बाणेर-बालेवाडीत, खराडीत, ठाण्याला घोडबंदर रोडवर हमखास सापडतो. न्यू जर्सीतल्या एडिसनलाही त्याचे भाऊबंद आहेत. वय चाळिशीच्या पलीकडे, नोकरी कॉम्प्युटरची, आणि स्वयंपाकघरातली आजवरची कामगिरी म्हणजे चहा, मॅगी आणि बायको माहेरी गेली की मुगाची खिचडी. 2020 च्या टाळेबंदीत घरोघर ब्रेडचे प्रयोग झाले, तेव्हा यांनीही यीस्टची पुडी आणली. ऑफिसं उघडल्यावर बाकीच्यांचं खूळ उतरलं. यांचं मुरलं.

तसं पिझ्झ्याशी त्यांचं नातं जुनं. लहानपणी घरचा पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला बोटभर जाडीचा, किंचित गोडसर बेस. त्यावर केचप, कांदा, सिमला मिरची, किसलेलं अमूल चीज, आणि हे सगळं झाकण ठेवून तव्यावर. पुढे 1996 साली बड्या अमेरिकन साखळ्या भारतात आल्या आणि वाढदिवस तिकडे साजरे होऊ लागले. तव्यावरच्या त्या पिझ्झ्याचं नाव निघालं की थिनक्रस्टवाले आज कसनुसं हसतात. तेव्हा चार-चार तुकडे हाणायचे, हे त्यांच्या आईला पक्कं आठवतं.

आता घरात हिशोब चालतो तो बेकर्स परसेंटेजचा. या पद्धतीत मैदा म्हणजे कायम शंभर टक्के, आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. मैदा 600 ग्रॅम. पाणी 58 टक्के, मीठ अडीच, तेल तीन, यीस्ट 0.2. म्हणजे यीस्ट झालं 1.2 ग्रॅम, आणि ते मोजायला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, सोनाराकडे शोभेल असा काटा. सगळ्याची बेरीज 163 टक्क्यांच्या वर जाते. त्यांची बायको बँकेत आहे. ती म्हणते, “आमच्याकडे टक्के शंभराच्या वर गेले की ऑडिट लागतं.” एकूण पीठ 982 ग्रॅम. त्याचे 195 चे पाच गोळे केले की सात ग्रॅम उरतात. ते भांड्याला चिकटतात, आणि तेही हिशोबात धरलेले असतात.

मग ते पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस. यात थट्टेसारखं काही नाही. थंडाव्यात यीस्ट सावकाश काम करतं, पिठाला चव चढते, ताण सैल होतो आणि गोळा न आखडता पसरतो. मे महिन्यात हेच पीठ ओट्यावर ठेवलं तर काही तासांतच झाकण उडवून बाहेर डोकावतं. मध्यंतरी पौष्टिकतेचा विषय निघाला आणि त्यांनी अर्धी कणीक, अर्धा मैदा असा समझोता करून पाहिला. पण गिरणीच्या दगडाखाली गव्हातलं पिष्ट चांगलंच भरडलं जातं आणि ते जास्त पाणी पितं. पोळी मऊ राहते ती त्याच गुणाने. पातळ, कुरकुरीत पिझ्झ्याला नेमका तोच गुण नडतो, शिवाय कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो. त्या रविवारी जे बाहेर आलं ते खायला दाढा लागल्या. समझोता मोडला.

खरं दुखणं मात्र भट्टीचं. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तापमान 485 अंशांच्या आसपास असतं आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत तयार होतो. थिनक्रस्टवाल्यांच्या ओटीजीचं बटण 250 वर संपतं. मधले 235 अंश कुठून आणायचे, या एका प्रश्नापायी त्यांनी जेवढा अभ्यास केला तेवढा इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत केला नव्हता. अटलांटातल्या जेफ वारासानो नावाच्या गृहस्थांनी घरच्या ओव्हनच्या दाराचं कुलूपच कापून, आतली घाण जाळून टाकणाऱ्या प्रचंड उष्णतेच्या सोयीवर पिझ्झे भाजले आणि पुढे स्वतःचं पिझ्झेरिया काढलं, ही कथा ते भक्तिभावाने सांगतात. आपल्याकडच्या ओटीजीला अशी सोय नसते. साफसफाई ओलं फडकं घेऊन स्वतःच करायची.

पहिला उपाय कडप्प्याचा. ओट्याचं काम चाललेल्या शेजाऱ्यांकडून त्यांनी एक चौकोनी तुकडा मागून आणला, धुतला आणि ओव्हनमध्ये सारला. पिझ्झ्याचा दगड म्हणून बाजारात जे महाग मिळतं ते आपण फुकटात मिळवलं, या आनंदात ते दोन आठवडे होते. कडप्पा हा चुनखडक, शहाबादी फरशीही त्याच जातीची. ओट्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तापवणं-निववणं त्याला झेपत नाही. एका शनिवारी आतून टक्‌ असा आवाज आला आणि दार उघडलं तर दगडाचे दोन तुकडे, आणि पिझ्झ्याचाही जवळजवळ तेवढ्याच भागांत निकाल लागलेला.

मग लोखंड. इथे त्यांच्या मदतीला धावून आला तो 2018 साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. दोन भौतिकशास्त्रज्ञ आणि एक खाद्य-मानववंशशास्त्रज्ञ अशा तिघांनी मिळून पिझ्झा भाजण्याचं गणित मांडलं होतं: विटांच्या भट्टीत 330 अंशांना दोन मिनिटं, तर घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये लोखंडी पत्र्यावर 230 अंशांना 170 सेकंद. लोखंड विटेपेक्षा उष्णता फार झपाट्याने देतं, म्हणून कमी तापमानातही तळ भाजला जातो. हे वाचून थिनक्रस्टवाले थेट भोसरीला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले आणि सहा मिलीमीटर जाडीची, 35 बाय 35 सेंटिमीटरची पट्टी कापून मागितली.

“गेटला लावायचीय का?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, पिझ्झ्याला.”

दुकानदाराने आणखी काही न विचारता कडा घासून दिल्या. पट्टीचं वजन पावणेसहा किलो. ओव्हनची जाळी ते पेलताना मधोमध वाकली, ती अजून तशीच आहे. साताऱ्याहून आलेल्या आईंनी पट्टी पाहिली, चिंचेने घासली, तेल लावून दोनदा गॅसवर तापवली, अर्ध्या कांद्याने पुसून काढली आणि “आता चिकटणार नाही” म्हणून सीरियल बघायला गेल्या. थिनक्रस्टवाले त्या वेळी ‘सीझनिंग’वरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघत होते.

पट्टी पुरेशी तापली का ते बघायला बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आला. तो आला त्या दिवशी त्यांनी तव्याचं, चहाचं, मांजराचं आणि झोपलेल्या मुलाचं तापमान घेतलं. हे यंत्र चकचकीत धातूवर साफ फसतं, हे मात्र त्यांना उशिरा कळलं; घासूनपुसून लखलखीत केलेल्या स्टीलच्या परातीवर धरलं की ते परातीऐवजी समोरच्या भिंतीचाच ताप सांगू लागतं. आईंनी काळी केलेली पट्टी बरोबर आकडा दाखवते.

आता लाटण्याचं प्रकरण. अस्सल नेपोलिटन पिझ्झा जपण्यासाठी 1984 मध्ये नेपल्सला एक संघटना निघाली. तिच्या नियमावलीत पीठ फक्त हाताने पसरायचं, लाटणं वर्ज्य. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 साली युनेस्कोने मानवतेच्या वारशात जागा दिली, तेव्हापासून तर हा विषय पोरखेळाचा राहिलेला नाही. थिनक्रस्टवाल्यांनी वर्षभर लाटण्याला शिवायचं नाही असं व्रत पाळलं. पिझ्झा कधी नकाशातल्या गुजरातसारखा निघे, कधी मधेच फाटून सॉस पट्टीवर सांडे आणि धुराने सबंध मजल्याला जाग येई. बरं, एवढं करून तो कुरकुरीतही होत नसे. होणार कसा? नेपल्सचा पिझ्झा मधे पातळ असला तरी मऊ असतो, दुमडून खाण्याजोगा. काडकन मोडणारा तो रोमचा. आणि रोममध्ये पीठ लाटण्याने लाटतात, सर्रास लाटतात!

हा शोध लागला त्या दिवशी घरातलं रोजचं, जरा मधे झिजलेलं लाटणं रोमन म्हणून मान्य झालं. रोमच्या पाठोपाठ शिकागोही आलं. जाडजूड, खोलगट पिझ्झ्यासाठी गाजलेल्या त्या शहरातले लोक घरी-दारी पातळच खातात, आणि त्याचे त्रिकोण न करता चौकोनी तुकडे पाडतात. हे सांगताना थिनक्रस्टवाल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते अप्रेझलच्या दिवशीही दिसत नाही.

सॉससाठी त्यांना व्हेसुव्हियसच्या पायथ्याचा, सान मार्झानो जातीचा डबाबंद टोमॅटो हवा असतो. तो महिन्यातून एकदाच परवडतो. एरवी नारायणगावचा टोमॅटो. तो भाजीला उत्तम, पण रसाळ. कच्चाच वाटून पसरला तर पातळ पापुद्र्याचा लगदा होतो. म्हणून तो आटवावा लागतो, आणि आटवलेला सॉस अस्सल नाही, ही बोच त्यांच्या मनात राहते. बेसिल मिळालं नाही की ते आठवडी बाजारातून सब्जाचं रोप आणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच जात, तेव्हा या बाबतीत त्यांना कुणी बोलू शकत नाही. एकदा त्यांची नजर गॅलरीतल्या तुळशीकडे वळली होती. आईंनी नुसतं पाहिलं.

शनिवार उजाडतो. साडेसातला पाहुणे येतात. मोठी माणसं सात आणि मुलं दोन. ओव्हन सहापासून चालू आहे, कारण पावणेसहा किलो लोखंड तापायला तास लागतो. सुरुवात प्रवचनाने होते: 1889 साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोसितोने टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा पिझ्झा करून दिला... इथे मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणते, “बाबा, ते आभाराचं पत्र बनावट असावं असं इतिहासकार म्हणतात.” प्रवचन थांबतं, पिझ्झा सुरू होतो.

पिझ्झा सहा मिनिटांत होतो. पण एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर पट्टीला पुन्हा तापायला दहा मिनिटं द्यावी लागतात. तुकडे आठ, माणसं नऊ. पातळ पापुद्रा ताटलीत पाच मिनिटं राहिला की चीजखाली मऊ पडतो, म्हणून थिनक्रस्टवाले तुकडा हातात देऊन समोर उभे राहतात: “लगेच खा. आत्ता. फोटो नंतर.” खाणारा चावतो, सगळे त्या करकर आवाजाकडे कान लावतात. मग दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. समोरच्या फ्लॅटचे काका दुसऱ्या फेरीला एक्स्ट्रा चीज मागतात. थिनक्रस्टवाले त्यांना समजावतात, की पातळ बेसला 70 ग्रॅमच्या वर मोझरेला सोसत नाही, पाणी सुटतं. काका मान डोलावतात आणि खिशातून ओरेगॅनोच्या पुड्या काढतात. त्यांच्याकडे त्या कायम असतात.

“तू पण बस ना रे,” बायको म्हणते. तिच्या पुढ्यात दुसरा तुकडा आहे, गरम. चीजची तार ती बोटाने तोडते आहे.

“तुम्ही खा. मी शेवटी घेतो. कसा झालाय?”

“मीठ जरा जास्त.”

“अडीच टक्के आहे!”

“असेल.”

हे ओव्हनच्या दाराशी कपाळावर घाम घेऊन उभं राहणं, पहिला घास दुसऱ्यांचा, कुणी काय म्हणतंय याकडे एक कान, आणि “अजून एक घ्या, होतोयच आता” हे वाक्य, यात त्यांचे दीड तास जातात. ज्या घरात त्यांना आयुष्यभर तव्यावरची पोळी थेट पानात हवी असायची, त्याच घरात हे चाललेलं असतं. आई सोफ्यावर बसून तिसरा तुकडा संपवतात आणि म्हणतात, “चव छान आहे. पण इतकं पातळ कशाला रे? पोटाला काय लागणार?” पाहुण्यांपैकी दोघेजण नेमके त्याच वेळी घड्याळाकडे बघतात. पाचवा गोळा थिनक्रस्टवाल्यांच्या वाट्याचा. तोवर मोझरेला संपलेलं असतं, सॉस दोन चमचे उरलेला. ते त्यावर लसूण आणि तेल लावून भाजतात आणि रोममध्ये हा प्रकार पिझ्झा बियांका म्हणून मोठ्या आवडीने खातात, असं सांगत उभ्याउभ्याच संपवतात. मुलं त्यातलाही अर्धा नेतात.

सध्या त्यांचा डोळा गॅलरीवर आहे. गॅसवर चालणाऱ्या, 500 अंशांपर्यंत तापणाऱ्या छोट्या भट्ट्या आता बाजारात मिळतात. मिनिटभरात पिझ्झा, म्हणजे नऊ माणसं एका पंगतीत जेवू शकतील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अडचण एवढीच, की गॅलरीत सिलिंडर ठेवायला सोसायटीची हरकत आहे. त्यांनी कमिटीला रीतसर अर्ज केला आहे, सोबत भट्टीचं माहितीपत्रक, गॅलरीचा मोजमापांसह आराखडा आणि वाऱ्याच्या दिशेचा तक्ता. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर आणि पार्किंगच्या आधी घेतला आहे. सेक्रेटरींकडे गेल्या शनिवारी एक मार्गेरिता पोचती झाली. खजिनदार जैन आहेत, त्यांच्यासाठी कांदा-लसूण नसलेला सॉस फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवला आहे.