आवडीचा कर्ता

मराठीत आवड ही माणसाने करण्याची गोष्ट नाही, ती त्याला होते. ‘औशाच्या माणसाला धपाटे आवडतात’ या वाक्यात (हे धपाटे खाण्याचे, पाठीत बसणारे नव्हेत) शालेय व्याकरणाच्या नियमाने ‘आवडणारे कोण?’ असे विचारले, तर उत्तर ‘धपाटे’ असे येते, म्हणजे कर्तेपण धपाट्यांकडे जाते आणि माणूस ‘ला’ या प्रत्ययाच्या आडोशाला निर्धास्त बसतो.

१९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या औसा या गावाने पसंत, मर्जी, शौक हे फारसी-अरबीतून आलेले शब्द असे पचवले आहेत, की मराठीतली इंग्रजी भेसळ आपल्याला पसंत नाही असे बजावणाऱ्या शुद्धिवाद्यालाही ‘पसंत’चे मूळ गाव आठवत नाही. पुढे आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी ‘इंटरेस्ट’ने आल्याआल्या तोच ‘ला’ गाठला. त्यामुळे ‘मुलीकडच्यांना इंटरेस्ट दिसत नाही’ असा निरोप आला, तरी नकार नेमका कोणी दिला याचा पत्ता लागत नाही आणि पुढच्या लग्नसराईत दोन्ही घरे एका पंगतीत बसू शकतात. ‘टेंडन्सी’, म्हणजे प्रवृत्ती, हा शब्द मात्र दुर्गुणांसाठी राखून ठेवलेला आहे. उधारी बुडवण्याची टेंडन्सी असते, ती वेळेवर फेडण्याची टेंडन्सी असलेला माणूस अजून ऐकिवात नाही.

खरी अडचण ‘प्रेफर करणे’ या क्रियापदाची आहे, कारण त्यातले ‘करणे’ निवडीची जबाबदारी थेट निवडणाऱ्याच्या गळ्यात घालते, आणि म्हणूनच ‘प्रेफरन्स’, म्हणजे पसंतीक्रम, हा शब्द बोलण्यापेक्षा प्रवेशअर्जावरच अधिक वावरतो. दहावीच्या मुलांचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे जोखण्यासाठी राज्याने २०१६ मध्ये सुरू केलेल्या परीक्षेला ‘कल चाचणी’ असे अस्सल मराठी नाव मिळाले, आणि तीत ललित कलांपासून गणवेशधारी सेवांपर्यंतची क्षेत्रेही होती; परंतु औशापासून वीस-एक किलोमीटरवरच्या लातुरात डॉक्टर-इंजिनिअर घडवण्यासाठी नावाजलेला, सराव परीक्षांवर उभा असलेला ‘लातूर पॅटर्न’ नांदत असताना मुलाचा कल ललित कलांकडे निघाला, तर घरात तो कल न मानता निदान मानले जाते, आणि त्यावर उपाय म्हणून वैद्यकीय प्रवेशाची शिकवणी लावली जाते. अशा वेळी ‘प्रेफर करणे’ या क्रियापदाचा कर्ता व्याकरणात शोधावा लागत नाही, घरातला कर्ता पुरुष प्रेफरन्सचे रकाने स्वतः भरतो, आणि कोणी विचारलेच, तर सांगतो, “आम्ही काहीच म्हणलं नाही, त्यालाच इंटरेस्ट आहे.”